मेलेल्या शेळ्या शिकत नाहीत

अंबिका घोडकेनं एका ट्रॉलीच्या चाकाला तेल घातलं आणि तिथून या प्रकरणाला तोंड फुटलं.

साल २०३९. धाराशिवपासून तासाभराच्या अंतरावर, माळावर उभ्या राहिलेल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात अंबिका शरीररचनाशास्त्र विभागाची तंत्रज्ञ होती. वय छत्तीस. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी लागणारे प्राण्यांचे नमुने तयार करायचे, टिकवायचे आणि रोज सकाळी दहाच्या आत प्रात्यक्षिकाच्या टेबलांवर मांडायचे, हे तिचं काम. तेरा वर्षांपूर्वी ती याच विभागात बरण्या धुवायला लागली होती. विभागप्रमुख डॉ. शर्वरी नाईकनवरे यांनी तिला हाताशी धरलं, शिरा आणि धमन्या ओळखायला शिकवलं, पदविकेच्या परीक्षेला बसवलं. निकालाच्या दिवशी मॅडम स्वतः पेढे घेऊन तिच्या घरी गेल्या होत्या. विलास घोडके, म्हणजे अंबिकाचे वडील बापू, गावात मटणाचं दुकान चालवायचे. खाटकाच्या घरात एक डॉक्टरीणबाई मांडी घालून जेवली, ही गोष्ट बापू पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत राहिले.

अंबिकाला मॅडमबद्दल काय वाटायचं, ते शब्दांत सांगायची वेळच कधी आली नव्हती. मॅडम म्हणाल्या की ते खरं, इतकं ते साधं होतं.

मेडिकल कॉलेजं गावोगाव निघाली होती. देहदान करणारी माणसं मात्र तेवढीच राहिली. त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं शेळीवर शिकू लागली. शेळीचं हृदय चार कप्प्यांचं, फुप्फुसं दोन, मज्जातंतूंची मांडणीही बरीचशी आपल्यासारखी. पूर्वी हे नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवायचे. डोळे चुरचुरायचे, आणि मांस राखाडी पडून चपलेच्या रबरासारखं व्हायचं. नंतर शरीरातलं पाणी काढून त्या जागी प्लास्टिक भरायची रीत आली. नमुने टिकू लागले, पण दगडासारखे. जिवंत माणसाचं पोट उघडल्यावर काय दिसतं, ते त्यांतून कळायचं नाही.

त्यावर शर्वरी मॅडमनी सतरा वर्षं खपून उपाय काढला. त्याचं नाव संजीवक. प्राणी मेला तरी त्याच्या पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायू आणि पोषण तुटल्यामुळे त्या हळूहळू कुजत जातात. जनावराचं हृदय इंजेक्शननं थांबवायचं, पशुवैद्यानं मृत्यूच्या कागदावर सही करायची, आणि वीस मिनिटांच्या आत मानेतल्या धमनीला नळी जोडून पंपानं हा गुलाबी द्रव शरीरभर फिरवायचा. त्यात कृत्रिम रक्तकण, साखर आणि मीठ. पेशी पुन्हा कामाला लागतात. हृदय पुन्हा धडधडू लागतं. कातडी मऊ, स्नायू लवचिक, कापलं तर रक्तासारखा गुलाबी थेंब येतो. इतकंच काय, टाके घातले तर जखम भरूनही येते. म्हणून एकच शेळी चाळीस दिवस रोज कापता यायची. रोज नवी मुलं, रोज नवी जागा.

मग ती शेळी मेलेली कशी? याचं उत्तर मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला द्यायच्या. "मेंदूच्या पेशी जिवंत राहतात, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत. टेलिफोनच्या कार्यालयात सगळे कर्मचारी हजर आहेत आणि सगळ्या तारा तोडलेल्या आहेत, असं समजा. तारा तोडणारं औषध संजीवकात असतं. त्याला आपण मौनक म्हणतो. मौनक आहे तोवर आत कुणी नाही."

याशिवाय स्नायू सैल ठेवणारं एक औषध द्रवात असायचं, म्हणजे शेळी आपणहून हलणार नाही. पाय हलवून दाखवायचा तर बाहेरून विजेची तार लावायची.

जानेवारीत या द्रवाची नवी आवृत्ती आली. मौनकामुळे हृदयाचे स्वतःचे मज्जातंतूही बधिर होतात, ठोके मंद पडतात, डोळ्यावर उजेड टाकला तरी बाहुली आकसत नाही, अशी तक्रार होती. संचालकांना हा द्रव इतर महाविद्यालयांनाही द्यायचा होता. बघायला येणाऱ्यांना नमुना अधिक जिवंत दिसायला हवा होता. म्हणून मौनक कमी केलं गेलं. किती कमी, ते अंबिकाला कुणी सांगितलं नाही. तिला सीलबंद पिशव्या मिळायच्या.

एप्रिलच्या सुरुवातीला नव्या नऊ शेळ्या आल्या. सगळ्या काळ्याभोर उस्मानाबादी. सहाव्या टेबलावरच्या शेळीचा एक कान पांढरा होता. हत्यारांची ट्रॉली दालनात यायची तेव्हा तिचं एक चाक करकरायचं. आठवड्यानंतर अंबिकाच्या लक्षात आलं, की चाक करकरलं की सहाव्या टेबलाच्या मॉनिटरवर ठोके सत्तरवरून एकशेपंधरावर जातात. कुणी हात लावायच्या आधी.

फरशीच्या हादऱ्यामुळे तार हलत असेल, असं तिला वाटलं. तिनं चाकाला तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली बिनआवाजी आत आली. तेवढंच वजन, तोच हादरा. सहाव्या शेळीचे ठोके सत्तरच राहिले. मुलांनी मांडीवर सुरी टेकवली, तेव्हा कुठे ते उसळले.

अंबिका तिथेच उभी राहिली. मग तिनं अडगळीतून तसंच करकरणारं एक जुनं चाक शोधून ट्रॉलीला बसवलं. चाक करकरलं आणि ठोके चढले.

*

"प्रतिक्षिप्त क्रिया आहे," मॅडम म्हणाल्या. त्या चष्मा पुसत होत्या. "गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं. त्यात मेंदूचा संबंध नाही."

"पण मॅडम, हातोडी लागल्यावर पाय उडतो. इथं हातोडी यायच्या आधीच उडतोय."

"ध्वनिलहरी कानाच्या मज्जातंतूवर आदळतात, तिथून मेंदूच्या देठाला जातात. तो देठ हृदयाचा वेग सांभाळतो. संपलं." मॅडमनी चष्मा लावला आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "अंबिका, आत कुणी नाही. मी सांगते ना?"

अंबिका 'हो मॅडम' म्हणून बाहेर आली. जिन्यापर्यंत तिचा विश्वास बसलेला होता. जिना उतरताना तो सुटत गेला. आवाज तर दालनात शंभर होते. मुलांचं हसणं, खुर्च्या, पंखे. त्या आवाजांनी काहीच होत नव्हतं. मग नेमका चाकाच्या आवाजानंच ठोके का वाढावेत?

रविवारी ती बापूंकडे गेली. ते दुकान बंद करून ओसरीवर बसले होते. तिनं सगळं सांगितलं. बापूंनी मध्ये एकदाच विचारलं, "डोळं बघितलंस का तिचं?"

"डोळ्यांवर पट्टी असते, बापू. कोरडे पडू नयेत म्हणून."

"मंग काय बघितलंस तू इतकी वरसं?" बापू एकदम चिडले. "मी पंचेचाळीस वरसं हे काम करतोय. सुरीला धार लावताना जनावर तिकडं बांधतो, ह्याच्यासाठी की त्याला तो आवाज कळतो. कालच आणलेल्या शेळीला न्हाई कळत. चार दिस दारात बांधलेली असली, रोज तो आवाज आला अन् रोज एक जोडीदारीण गेली, की पाचव्या दिवशी ती थरथरती. शिकती ती. मेलेलं काय शिकतंय गं?"

मेलेलं काय शिकतंय? अंबिका परतीच्या एसटीत तेवढंच घोळवत राहिली. प्रतिक्षिप्त क्रिया जन्मापासून असते. ती कालच्यापेक्षा आज नवी होत नाही. एखादा आवाज आधी निरर्थक असेल आणि काही दिवसांनी त्याचा अर्थ कळू लागला असेल, तर कुणीतरी तो अर्थ लावलेला असतो. लावणारा आत असल्याशिवाय अर्थ लागत नाही.

तिनं मोबाइलवर दोन सूर निवडले. एक बासरीचा, एक पियानोचा. दोन्ही त्या दालनात पूर्वी कधी वाजले नव्हते. स्वतः एकही चिरा द्यायचा नाही, हे तिनं पक्कं ठरवलं. मुलं रोज कापणारच होती. कापायच्या दहा सेकंद आधी ती बासरी वाजवायची. पियानो वाजवायची तो दुपारी, जेव्हा पुढचा तासभर कुणीही येणार नसायचं.

पहिल्या दिवशी दोन्ही सुरांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बासरीवर चार शेळ्यांचे ठोके वाढले. सहाव्या दिवशी नऊच्या नऊ शेळ्यांचे. पियानो वाजला की नवांपैकी एकीचाही आकडा हलत नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी तिनं सहाव्या टेबलावरची पट्टी उचलली. डोळा ओला होता. तिनं मोबाइलवर बासरी लावली आणि लगेच बंद केली, आपण काय करतोय ते कळून. तेवढ्या एका क्षणात बाहुली मोठी झाली होती. बाकी काही नाही. ओरडायला आवाज नव्हता, कारण श्वासनलिकेत नळी होती. पळायला पाय नव्हते, कारण पाय औषधानं सैल केले होते. काहीच करता येत नाही अशा जागी तिला ठेवलं होतं आणि त्या जागेला आपण शांतता म्हणत होतो.

अंबिकानं पट्टी परत जागेवर ठेवली.

*

तिनं अर्ज दिला. महाविद्यालयाची प्राणी-नीती समिती पंचवीस एप्रिलला, सकाळी अकराला बसली. संचालक डॉ. पाटोदेकर अध्यक्ष. सोबत औषधशास्त्राचे एक प्राध्यापक, मृत्यूच्या कागदांवर सह्या करणारे पशुवैद्य, आणि बाहेरचे सदस्य म्हणून एक वकील. शर्वरी मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. अंबिकानं नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

सगळे दालनात गेले. अंबिकानं पियानो वाजवला. मॉनिटर स्वस्थ. मग बासरी. नऊ पडद्यांवरच्या नऊ रेघा एकदम उसळल्या. वकिलांच्या तोंडून "अरे!" निघालं. पशुवैद्यांनी खाली पाहिलं.

"आता शंकेला जागाच नाही, सर," अंबिका म्हणाली. "यांना दुखतंय. आणि दुखणार आहे हे आधी कळतंय. मौनक पहिल्यासारखं पूर्ण टाका. आजच टाका."

"पूर्ण टाकलं तर हृदय मंद पडतं," औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. "मग हा नमुना आणि जुना नमुना यांत फरक काय राहिला?"

"फरक हा राहील की त्या मेलेल्या असतील!"

संचालक हसले. "घोडके, तुमच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे ना?"

"आहे, सर."

"मग तुम्हाला एकदम इतकी दया कशी आली म्हणायची?"

दालनात आणखी कुणीतरी हलकंसं हसलं. अंबिकाच्या कानशिलांना आग लागली. आजवर ती या माणसासमोर नीट मान वर करून बोलली नव्हती.

"दुकान आहे म्हणूनच मला कळलं, सर. तुम्हाला कळलं नाही. माझे बापू शेळीसमोर सुरीला धार लावत नाहीत. एकीच्या डोळ्यांदेखत दुसरी कापत नाहीत. आणि एक शेळी ते एकदाच कापतात. तुम्ही चाळीस वेळा कापता आणि वर तिला टाके घालता, म्हणजे उद्या पुन्हा कापता येईल. खाटीक कुणाला म्हणायचं ते आता ठरवा."

"अंबिका!" मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही सांगा ना यांना. तुम्हीच शिकवलंय मला, दिसतंय ते बोलावं म्हणून."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

तासाभरानं निर्णयाचा कागद आला. अंबिकानं तो वऱ्हांड्यात उभ्याउभ्या वाचला. सरकारी मराठीतली दोनच वाक्यं होती. 'ध्वनिजन्य प्रतिसाद टाळण्यासाठी सर्व नमुन्यांच्या श्रवणनलिका मेणाच्या बोळ्यांनी बंद करण्यात याव्यात. प्रात्यक्षिके पूर्ववत चालू ठेवावीत.'

तिनं ते दोनदा वाचलं. दुखणं थांबवायचं नव्हतं, दुखतंय हे दाखवणारी खूण तेवढी बुजवायची होती. चार शिकलेल्या माणसांनी एक तास बसून, चहा पिऊन, हे ठरवलं होतं. आणि कागदाच्या खाली 'अंमलबजावणी : अं. वि. घोडके, तंत्रज्ञ' असं लिहिलं होतं.

ती मॅडमच्या खोलीत गेली. मेणाची डबी टेबलावर आधीच ठेवलेली होती.

"गुरुवारी अकरा महाविद्यालयांचे लोक येताहेत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढं होऊ दे. त्यानंतर मी मौनक वाढवून घेते. शब्द देते तुला."

"आज सोमवार आहे. म्हणजे आणखी तीन दिवस."

"तीनच दिवस, अंबिका."

"तुम्हाला तीनच. त्यांना रोज दहा वाजता, रोज सहा-सात मुलं."

"हे सगळं बंद पडलं तर पुन्हा उभं राहणार नाही. किती मुलं यातून चांगली सर्जन होतील, त्यांच्या हातून किती माणसं वाचतील, याचा विचार कर ना! मीही माणूस आहे. मला काय आनंद होतो?"

"जुन्या द्रवानंही मुलं शिकत होती, मॅडम. हृदय जरा हळू धडधडायचं, एवढंच."

मॅडमनी डबी तिच्याकडे सरकवली. अंबिकानं हात मागे घेतला आणि बाहेर पडली. त्या संध्याकाळी तिनं बापूंना फोन केला. ते म्हणाले, "मी येऊ का उद्या?" ती म्हणाली, "नको बापू. माझ्या हातानं मांडल्यात, माझ्याच हातानं सोडवते."

*

सव्वीस तारखेला सकाळी दहाला साठ मुलं-मुली पांढरे कोट घालून टेबलांभोवती उभी राहिली. अंबिकानं आज हत्यारं आणली नव्हती. ती मधोमध जाऊन उभी राहिली.

"आज कापायचं नाही," ती म्हणाली. "आज मी तुम्हाला एक गोष्ट दाखवते. डॉक्टर होणार आहात, तेव्हा डोळे उघडे ठेवून बघा."

तिनं पियानो ऐकवला, मग बासरी. दोन्हींचा अर्थ सांगितला. नऊ पडदे सगळ्यांनी पाहिले. पहिल्या बाकावरची जुई मोहोळकर नावाची मुलगी, जिचे टाके सगळ्यांत सुबक असायचे, तिनं हातातले हातमोजे काढून खाली टाकले. "म्हणजे काल मी..." एवढंच ती म्हणाली आणि तोंडावर हात धरला.

"तुमची चूक नाही. तुम्हाला मेलेल्या म्हणून सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं होतं. आता कळलंय. आता पुढं जे होईल, ती मात्र आपली चूक असेल."

जुन्या साठ्यातल्या शुद्ध मौनकाच्या बाटल्या तिनं कपाटातून काढून ठेवल्या होत्या. पहिल्या टेबलापाशी तिनं बाजूचा पडदा ओढला, म्हणजे शेजारच्या शेळीला हालचाल जाणवू नये, आणि पंपाच्या नळीत भरपूर मौनक सोडलं. मॉनिटरवरचे ठोके संथ होत गेले. मेंदूच्या तारा तुटायला दीड मिनिट लागतं, हे तिला ठाऊक होतं. ती पाच मिनिटं थांबली. तोवर तिनं शेळीच्या कपाळावर हात ठेवला होता. मग पंप बंद केला.

पहिली. दुसरी. तिसरी. चौथ्या टेबलापासून जुई पडदे ओढायला आली. अंबिकानं तिला थांबवलं नाही.

सहावीला औषध देत असताना दार आपटलं. संचालक आणि मागोमाग शर्वरी मॅडम.

"बंद करा हे! कुणी परवानगी दिली?" संचालक ओरडले. "ही कॉलेजची मालमत्ता आहे! बाहेर काढा तिला!"

कुणी हललं नाही. साठ पांढरे कोट टेबलांभोवती तसेच उभे राहिले, आणि दारापासून सातव्या टेबलापर्यंत जायला वाटच उरली नाही. संचालकांनी एकाला ढकललं. तो पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला.

मॅडमना मात्र मुलांनी वाट दिली. त्यांनी येऊन अंबिकाचं मनगट धरलं. "थांब. ऐक माझं. सतरा वर्षं घातलीत मी यात. लग्न नाही केलं. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यापाशी बसले नाही. तुला घडवलं ते यासाठी?"

"हात सोडा, मॅडम."

"अंबिका..."

"तुम्ही मला शिकवलंत, तुमचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण ते उपकार या शेळ्यांनी का फेडायचे? हात सोडा."

मॅडमनी हात सोडला. अंबिकानं सहावीचा पंप बंद केला आणि सातवीच्या नळीत मौनक सोडलं. मग आठवीच्या. नवव्या टेबलाचा पंप बंद झाला, तेव्हा पावणेबारा झाले होते.

*

दुपारी तीनला ते सगळे तालुक्याच्या पोलीस ठाण्यात होते. निरीक्षक वैशाली तौर यांनी संचालकांची तक्रार संपूर्ण ऐकून घेतली आणि पेन खाली ठेवलं.

"नऊ शेळ्या मारल्या, असं लिहू का?"

"मारल्या नाहीत. त्या मृतच होत्या. नमुने होते ते. शैक्षणिक साहित्याची नासधूस लिहा," संचालक म्हणाले.

"मग तुमच्या तक्रारीसोबतचा हा कागद सांगतो की द्रव सुरू असता तर त्यांची हृदयं अजून धडधडली असती. आणि यांचा अर्ज सांगतो की त्यांना दुखत होतं." निरीक्षकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "त्या जिवंत होत्या, तर मी आधी तुमच्यावर प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याचा गुन्हा दाखल करते. मेलेल्या होत्या, तर यांनी मेलेल्या शेळीचं काय वाकडं केलं ते मला समजावून सांगा."

"हा तांत्रिक विषय आहे, मॅडम. तुम्हाला..."

"मला तांत्रिक कळत नाही. म्हणून ज्यांना कळतं त्यांना विचारते." त्या शर्वरी मॅडमकडे वळल्या. "डॉक्टर, द्रव तुमचा आहे. आज सकाळी दहा वाजता त्या नऊ शेळ्या जिवंत होत्या की मेलेल्या?"

संचालक म्हणाले, "डॉक्टरांची तब्येत जरा..." शर्वरी मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"जिवंत होत्या," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत मी एका शेळीच्या मेंदूचा आलेख काढला होता. झोपेतून जागं झाल्यासारख्या लहरी होत्या. आलेख माझ्या कपाटात आहे. आणून देते."

अंबिकाला वाटलं होतं की मॅडम खरं बोलल्या तर आपलं काळीज हलकं होईल. तसं काहीही झालं नाही. तिच्या डोक्यात एकच शब्द घणासारखा आदळत होता. फेब्रुवारी. एप्रिलमध्ये ती विचारायला गेली तेव्हा या बाईनं चष्मा पुसला होता, डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं, आत कुणी नाही. तेव्हा दोन महिने झाले होते.

निरीक्षक जबाब टंकायला सांगत होत्या तेवढ्यात मॅडम तिच्यापाशी आल्या. वऱ्हांड्यात दोघीच होत्या. मॅडमचे डोळे सुजले होते.

"मी खरं सांगितलं, अंबिका. माझं सगळं गेलं आता. तुझ्यासाठी सांगितलं."

"माझ्यासाठी?" अंबिकाचा आवाज चढला, ठाण्यातले शिपाई वळून पाहू लागले. "मला कशाला, मॅडम? मला कुणी कापत नव्हतं! फेब्रुवारीत बोलला असतात तर ते खरं होतं. आज पोलिसांनी विचारलं म्हणून बोललात. दुसरं काही उत्तर उरलंच नव्हतं तुमच्याकडे."

"तू मला कधी माफ..."

"ते मला विचारू नका. माझ्या हातात नाही ते."

मॅडम भिंतीला टेकल्या. अंबिकानं तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पाणी विचारलं नाही.

पुढे बरंच झालं. प्रात्यक्षिकाच्या दालनाला सील लागलं. मौनक पूर्ण प्रमाणात घातल्याशिवाय आणि रोज मेंदूचा आलेख काढल्याशिवाय असा नमुना ठेवायचा नाही, असा नियम राज्यभर आला. मॅडमचं पद गेलं. पाटोदेकरांवरचा खटला अजून चालू आहे. दरम्यान ते दुसऱ्या एका संस्थेचे सल्लागार झाले आणि प्राण्यांच्या नैतिक वापरावर भाषणंही देतात, आणि ती भाषणं ऐकायला लोक जातात. अंबिका आता एका पशुवैद्यकीय शाळेत मेलेल्याच जनावरांचे नमुने करते.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. निरीक्षकांनी तिला आत बोलावून टंकलेला जबाब पुढे केला. तुमच्यावरची तक्रार टिकत नाही, तुम्ही फक्त साक्षीदार, असं त्या समजुतीनं म्हणाल्या. अंबिकानं जबाब वाचला. 'नऊ शैक्षणिक नमुन्यांचे पंप मी बंद केले' असं त्यात होतं.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"नमुने नाही, शेळ्या. आणि नऊ नाही." तिनं पेन मागून घेतलं. जानेवारीपासून नव्या द्रवावर तिनं तीन वेळा शेळ्या मांडल्या होत्या. पहिल्या दोन्ही वेळच्या अठरा, प्रत्येकी चाळीस दिवस पुरे करून, तिनंच भट्टीत पाठवल्या होत्या. रोज सकाळी त्यांना पुसून, पट्ट्या बदलून, वेळेवर टेबलावर आणणारी तीच होती. तेव्हा चाक करकरतच असणार. तिनं ऐकलं नव्हतं.

"बाई, हे लिहिलंत तर तुम्हीही यात अडकता," निरीक्षक म्हणाल्या. "माझं ऐका. आहे तेवढंच राहू द्या."

"अडकू द्या. कुणीतरी पूर्ण आकडा लिहायलाच हवा."

तिनं टंकलेली ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'सत्तावीस शेळ्या. त्यांपैकी नवांना मी सोडवलं. अठरांना मी रोज टेबलावर मांडलं.' मग खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद निरीक्षकांकडे सरकवला.